कमानीतल्या चार पेट्या

पुलाच्या तोंडाशी जो लोखंडी बार लावला होता, त्याची रस्त्यापासूनची उंची सव्वासात फूट. ॲम्ब्युलन्सची उंची, वरचा दिवा धरून, साडेआठ फूट. दोन्ही मी स्वतः मोजलंय. आयुष्यभर खिशात टेप बाळगली, तिचा असा उपयोग होईल असं वाटलं नव्हतं.

त्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला आमच्या हिला छातीत कळ आली. ती खुर्चीत बसून उसवलेली उशी शिवत होती. सुई उशीत तशीच खोचून ठेवली आणि म्हणाली, जरा पडते. मी फोन लावला. तिकडचा माणूस म्हणाला, गाडी निघालीय, पंधरा मिनिटांत पोचेल. मी तिला पाणी दिलं, दार सताड उघडं ठेवलं आणि दार ते पलंग अशा फेऱ्या मारत राहिलो.

पंधरा मिनिटांत गाडी खरंच पोचली. पुलापर्यंत. पलीकडच्या तोंडाशी ड्रायव्हर उतरला, बार बघितला, कुठेतरी फोन केला, चार मिनिटं थांबला आणि गाडी वळवून हमरस्त्यावरच्या पुलाकडे निघून गेला. तो वळसा बावीस किलोमीटरचा आहे, रस्ता खड्ड्यांचा. मला कुणी काही कळवलं नाही. आमच्या घरापासून पूल आठशे पावलांवर, आणि पूल स्वतः एकशेचाळीस पावलांचा. शेजारी दूधवाल्याची रिकामी व्हॅन उभी होती. ती बाराखालून आरामात जाते. एक फोन आला असता तर मी हिला पाच मिनिटांत पलीकडे नेऊन पोचवलं असतं.

"अहो, आली का?" तिने दोनदा विचारलं. दोन्ही वेळा मी म्हणालो, येतेच आहे. तिसऱ्यांदा तिने विचारलं नाही.

गाडी दारात आली तेव्हा ती जाऊन वीस मिनिटं झाली होती.

बाराच्या शेजारी एक निळी पाटी आहे. तिच्यावर लिहिलंय, हा पूल आपला वारसा आहे, त्याला जपा. पुलाच्या शंभरीला पाच वर्षं कमी आहेत. काँक्रीटच्या दोन जुळ्या कमानी नदीवरून एका दमात पलीकडे जातात, त्यांच्यावर सडपातळ खांब, खांबांवर रस्ता. लांबून लोक फोटो काढायला येतात. त्यांच्या गाड्या बुटक्या असतात. त्यांना बार आडवा येत नाही.

पहिले पंधरा दिवस मी भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला एकच सांगितलं. हिला मारलं ते पुलाच्या ऑफिसातल्या साहेबाने. साहेब म्हणजे तिथला इंजिनिअर, दोन वर्षांपूर्वी बदलून आलेला, पस्तिशीचा. बार त्याने लावला. नुसता लावला नाही, बोल्ट मारून कायमचा बसवला. फाटक केलं असतं, किल्ली कुणाकडे ठेवली असती, तर गोष्ट वेगळी. लोक माना डोलवत होते. दूधवाला तर माझ्याहून जास्त तापला होता, कारण त्याच्या सुनेला नववा लागला होता आणि ती आधीच अवघडलेली होती. त्याने अर्ज लिहून गावभर सह्या घेतल्या. अर्जात पहिलं वाक्य माझं होतं. दूधवाला म्हणाला, मिस्त्री, एवढं कडक नको. मी म्हणालो, लिही तसंच.

सोळाव्या दिवशी मी ऑफिसात गेलो. जाताना पूर्ण वाट मनात वाक्यं जुळवत होतो. ऑफिस म्हणजे दोन खोल्या. बाहेर कारकून बसतो. तो कशालाही "बरं" म्हणतो, म्हणून आम्ही त्याला बरंवाला म्हणतो. त्याच्या बापाला कुणी शिवी दिली तरी तो बरंच म्हणेल. मला बघून तो उभा राहिला आणि नेमकं त्या दिवशी त्याच्या तोंडून काहीच निघालं नाही.

साहेबाने मला बसायला खुर्ची दिली. मी बसलो नाही. जुळवलेली वाक्यं सगळी विसरलो होतो, एकच उरलं होतं.

"तुम्ही तिला मारलंत," मी म्हणालो.

मग मी बाकीचं सगळं ओतलं. बारावरच्या पाटीवर लिहिलंय पाच टनांपेक्षा जड गाडीला बंदी. ॲम्ब्युलन्सचं वजन तीन टन. मग ती का अडली? वजन अडवायचं होतं तर उंची का अडवली? ॲम्ब्युलन्सवाल्यांना सांगितलं होतं का? तो हळू आवाजात म्हणाला, पत्र पाठवलं होतं, त्यांच्याकडे कुठेतरी पडून राहिलं. आणि वजन मोजायला पुलावर माणूस बसवायची सोय नाही, जड गाड्या उंच असतात, म्हणून उंची धरली. कमानीचा भरवसा नाही म्हटल्यावर त्याला दुसरं सुचलं नाही.

मी म्हणालो, कमानीचा भरवसा नाही हे तुला कुणी सांगितलं? तोवर मी अरेतुरेवर आलो होतो.

त्याने कपाटातून फाइल काढली, एक कागद माझ्याकडे फिरवला आणि खालच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं.

"मिस्त्री, ही सही तुमचीच ना?"

सही माझीच होती. वर बरंवाल्याच्या गोल अक्षरात चार ओळी होत्या. डावी कमान, माथ्याजवळ, पोकळ. डावी कमान, माथ्यापलीकडे, पोकळ. उजवी कमान, माथ्याजवळ, पोकळ. उजवी कमान, माथ्यापलीकडे, पोकळ.

मी तो कागद दोनदा वाचला. मग फाइल बंद केली, त्याच्या हातात दिली आणि घरी आलो. वाटेत बाराखालून गेलो तेव्हा मान वर केली नाही.

का, ते सांगायला मागचं सांगावं लागेल.

माझं काम काँक्रीट ऐकायचं. वर्षातून एकदा, नदीचं पाणी उतरलं की, रस्त्याच्या कठड्यावरून दोरांनी फळीचा पाळणा खाली सोडायचा. त्यात मी बसायचो, हातोडी घेऊन. कमानीवर हातभर अंतराने ठोकत जायचं. भरीव काँक्रीट टण्ण वाजतं. आत फट पडली, सळई गंजून फुगली, की आवाज बसका येतो, बद्द. हे कान मला सासऱ्यांनी दिले. ते माझे सासरे व्हायच्या आधी माझे उस्ताद होते, आणि उस्ताद व्हायच्या आधी, अठरा वर्षांचे असताना, याच पुलावर डोक्यावरून काँक्रीटच्या पाट्या वाहायचे.

खाली ठोकणाऱ्याला लिहिता येत नाही. एका हातात हातोडी, दुसऱ्या हातात दोर. म्हणून वर कठड्यापाशी एक माणूस वही घेऊन उभा राहतो. खालच्याने ओरडून सांगायचं, वरच्याने लिहायचं. सासऱ्यांसाठी वर त्यांची धाकटी मुलगी उभी राहायची, बारा वर्षांची असल्यापासून. मी कामाला लागलो तेव्हा पहिले दोन दिवस मी तिचा फक्त आवाज ऐकला. मी खालून "भरीव" म्हणायचो, वरून "हं" यायचं. तिचं तोंड मी तिसऱ्या दिवशी बघितलं. लोक म्हणतात, बघता क्षणी आवडली. मला न बघताच आवडली होती.

लग्नानंतर सासरे थकले आणि मी खाली, ती वर, असं चाळीस वर्षं चाललं. मुलगी पोटात होती त्या वर्षीही ती स्टूल टाकून वर बसली होती. पाळण्यातून मला तिच्या चपलांचे तळवे तेवढे दिसायचे. वही ती घरी आणायची, जेवणं झाल्यावर ऑफिसच्या छापील फॉर्मवर स्वच्छ अक्षरात उतरवायची आणि माझ्यापुढे ठेवायची. मी सही करायचो. वाचत नव्हतो. मला वाचता येतं, पण जे मी स्वतः ओरडून सांगितलं ते परत कशाला वाचायचं?

आता त्या चार जागा. कमानी बांधताना माथ्याजवळ वजन कमी राहावं म्हणून त्यांच्या पोटात लाकडी पेट्या घालून भोवती काँक्रीट ओतलं होतं. एका कमानीत दोन, दुसरीत दोन. सासऱ्यांनी त्या स्वतःच्या हातांनी ठेवल्या होत्या. नकाशे कधीच वाळवीने खाल्ले, पेट्या सासऱ्यांच्या डोक्यात राहिल्या, मग माझ्या आणि हिच्या. दरवर्षी तिथे हातोडी मारली की बद्द आवाज यायचा. दरवर्षी मी ओरडायचो, पोकळ. वरून उत्तर यायचं, "हं, नेहमीचंच." आणि मी पुढे सरकायचो.

गेल्या वर्षी हिला दम लागायला लागला. कठड्यापाशी चार तास उभं राहणं जमेना. ऑफिसने बरंवाल्याला पाठवला. मी खालून ओरडलो, पोकळ. वरून आलं, "बरं." मी पुढे सरकलो.

चार वेळा पोकळ, चार वेळा बरं. तो आवाज हिचा नाही हे मला कळत नव्हतं का? कळत होतं. एकदा मनात आलंही की याला पेट्यांचं सांगायला हवं. मग म्हटलं, वर गेल्यावर सांगू. वर गेल्यावर चहा आला, बरंवाल्याने फॉर्म पुढे केला आणि मी सही केली. चष्मा घरी होता. पंचेचाळीस वर्षांच्या कामात, न वाचता सही केल्याने कधी काही बिघडलं नव्हतं.

पुढे चार महिन्यांनी बार लागला तेव्हा मी हिला म्हणालो, नव्या साहेबाला काहीतरी केल्याचं दाखवायचं असेल. ती म्हणाली, विचारून तरी या. मी म्हणालो, मला विचारून लावला नाही, मी कशाला विचारू? फुगून घरी बसलो. हेच ते. मान मला हवा होता.

ऑफिसातून आल्यावर मी लोखंडी पेटी उघडली. तिच्या वह्या आत होत्या, वर्षवार, दोरीने बांधलेल्या. मी पहिल्यांदाच त्या वाचायला बसलो. दर वर्षी त्या चार जागांपुढे तिने एक लहानसा चौकोन काढला होता आणि पुढे लिहिलं होतं, पेटी, जुनी, सोडून देणे. एका वर्षी मी कुठल्या तरी रागात त्या जागांवर ओरडायचंच विसरलो होतो, तरी तिने चौकोन काढलेले होते. पुढे कंसात बारीक अक्षरात, आज बोलले नाहीत.

मला तिचाही राग आला. हे लिहायला लाज वाटते, पण आला. चाळीस वर्षं माझा अर्धा शब्द पुरा करत राहिली आणि एकदाही म्हणाली नाही की अहो, तुम्ही अर्धाच बोलता. म्हणाली असती तर मी सुधारलो असतो का, ते सोडा. वह्या मी भिंतीवर फेकणार होतो. फेकल्या नाहीत. परत बांधून ठेवल्या आणि हातोडी घेऊन अंगणातल्या दगडी पायरीचा एक कोपरा फोडला.

चार दिवस मी गप्प बसलो. अर्ज वर पोचला होता. वरून उत्तर आलं की पुलावरच सगळ्यांची बैठक होईल, मोठे अधिकारी येतील, साहेबाची चौकशी होईल. गावात लोक मला वाट देऊ लागले. किराणावाला म्हणाला, मिस्त्री, त्याला आता घरी बसवूनच सोडायचं. मी हो म्हणालो. हो म्हणायला एक क्षण लागतो.

मग मुलीला फोन केला. ती लांब असते, आईच्या वेळी येऊन आठवड्याने परत गेली होती. तिला सगळं सांगितलं. पेट्या, बरंवाला, सही. 

"बाबा, हे दुसऱ्या कुणाला सांगितलंत?"

मी म्हणालो, नाही.

"मग सांगू नका. आई परत येणार आहे का? लोक तुमच्या तोंडावर थुंकतील. त्या साहेबाने बार लावला, फाटक ठेवलं नाही, ही त्याची चूक आहेच. ती त्याच्याच गळ्यात राहू द्या."

ती चुकीचं बोलत नव्हती. साहेबाची चूक होतीच. एका कागदावर विसंबून त्याने पूल अडवला, आणि कमानीखाली येऊन बघायची तसदी घेतली नाही. मला बोलवून एक प्रश्न विचारला असता, काय हो मिस्त्री, ही भानगड काय, तर दोन मिनिटांत उलगडा झाला असता. जुन्या फाइली ऑफिस हलवताना गेल्या म्हणे. गेल्या म्हणजे कुठे गेल्या? त्या फाइलींत हिचे चाळीस वर्षांचे चौकोन होते.

पण मुलीशी बोलताना खिडकीतून दूधवाल्याची सून दिसत होती. ती भिंतीला हात टेकवत अंगणातून चालत होती. आणि मला कळत होतं की मी गप्प बसलो तर साहेब जाईल, बार राहील. साहेबाला काढल्याने कमान भरीव होत नाही. नवा येणारा तोच कागद वाचणार. कमान पोकळ आहे असं जोवर लिहिलेलं आहे तोवर कुणाच्या बापाची हिंमत नाही तो बार काढायची. आणि ते लिहिलेलं खोडायला जगात एकच माणूस उरला होता.

बैठकीच्या दिवशी सकाळी दहाला पुलावर शंभरेक माणसं जमली. मोठे अधिकारी दोघं, छत्री धरून. साहेब एका बाजूला फाइल छातीशी धरून उभा. बरंवाला त्याच्या मागे. दूधवाल्याने अर्ज वाचायला घेतला. माझं पहिलं वाक्य त्याने मोठ्याने वाचलं आणि लोकांनी साहेबाकडे बघितलं.

मी म्हणालो, थांब.

मग मी सांगितलं. गोल फिरवून नाही. म्हटलं, कमानी धडधाकट आहेत. पोकळ मी म्हणालो. आत पेट्या आहेत, हे मला माहीत होतं आणि मी बोललो नाही, न वाचता सही केली. या कागदावरून बार लागला. दूधवाल्या, अर्जात साहेबाच्या जागी माझं नाव घाल.

कुणी थुंकलं नाही. त्यापेक्षा वाईट झालं. सगळे माझ्याकडे दयेने बघायला लागले. किराणावाला माझ्या खांद्यावर हात ठेवायला आला. मी तो झटकला. एक म्हातारी म्हणाली, बायको गेली, डोक्यावर परिणाम झालाय बिचाऱ्याच्या. दूधवाला कानाशी येऊन म्हणाला, मिस्त्री, चला, घरी जाऊ. ते बिचारा ऐकलं आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मी वह्यांचं गाठोडं कठड्यावर आपटलं. मोठ्या अधिकाऱ्यांपैकी एकाने वरची वही उघडली, चार पानं चाळली आणि म्हणाला, हे घरगुती आहे. याला पुरावा म्हणता येत नाही. बाईंचा तांत्रिक अभ्यास काही?

मी म्हणालो, बाईंचा अभ्यास चाळीस वर्षं. तुमचा किती?

साहेबाने पहिल्यांदा मान वर केली. तो म्हणाला, आत लाकूड असेल तर भोक पाडून बघता येईल. दोन बोटांचं भोक. कमानीला काही होणार नाही, नंतर बुजवू. मोठा अधिकारी कुरकुरला, पण ऊन चढत होतं आणि त्यालाही सुटायचं होतं.

पाळणा ऑफिसच्या गोदामात होता. तो आणला, ड्रिल मशीन आणलं, दोर दूधवाल्याने आणि किराणावाल्याने धरले. त्यांना सवय नव्हती, पाळणा एका अंगाला कलत होता, मी खालून शिव्या घालत होतो आणि त्या शिव्या ऐकून दूधवाल्याला बरं वाटत असावं, कारण तो दरवेळी "हो मिस्त्री" म्हणत होता. सदुसष्टाव्या वर्षी मी परत कमानीच्या पोटाखाली लटकलो. खाली नदी, तळाचे गोटे दिसत होते. हातोडी मारली. टण्ण, टण्ण, टण्ण, बद्द. हात आपोआप थांबला. सवयीने मी वर बघितलं. कठड्यावरून शंभर डोकी वाकलेली होती. त्यातलं एकही मला नको होतं.

ड्रिल मशीन लावलं. आधी पांढरी भुकटी पडली, काँक्रीटची. वीतभर आत गेल्यावर मशीन एकदम सैल झालं आणि भोकातून पिवळा भुसा गळायला लागला. कोरडा. पंच्याण्णव वर्षांपूर्वीच्या लाकडाचा. सासऱ्यांनी ठेवलेल्या लाकडाचा. नाकाशी धरला तर सुताराच्या दुकानात येतो तसा वास आला, इतका ताजा की मला रडू येईल असं वाटलं. रडलो नाही. मूठ भरली, ओरडून पाळणा वर घ्यायला लावला, आणि तो भुसा मोठ्या अधिकाऱ्याच्या हातावर नाही, साहेबाच्या फाइलवर ओतला. बरोबर माझ्या सहीवर.

"हे बघायला तुम्हाला इथे यायचं होतं," मी म्हणालो. "आठ महिन्यांपूर्वी."

तो म्हणाला, हो. दुसरं काही म्हणाला नाही. बायकोमुलं आहेत, नवीन होतो, असलं काही बोलला असता तर मी काय केलं असतं सांगता येत नाही.

बार त्याच दुपारी सुटला. पाना-पक्कड आणायला दूधवाला घरी धावला, बोल्ट गंजलेले होते, चार माणसं लटकली तेव्हा फिरले. मोठे अधिकारी सांगत होते की आधी कागद व्हायला हवेत. कुणी ऐकलं नाही. आठव्या दिवशी दूधवाल्याच्या सुनेला कळा सुरू झाल्या आणि दूधवाला तिला स्वतःच्या व्हॅनमधून घेऊन गेला. तिला ॲम्ब्युलन्स लागलीच नाही. व्हॅन तर बार असतानाही गेली असती. हे मी कुणाला बोलून दाखवलं नाही, पण दिवसभर ते डोक्यात ठोकत राहिलं.

मुलगी फोनवर एवढंच म्हणाली, तुम्ही ऐकणार नाहीच, मला माहीत होतं. आवाजात राग होता. आईवर गेलीय म्हणतात, पण राग माझा घेतलाय तिने.

राहिलं होतं ते कागदांचं. कमानींची पूर्ण तपासणी नव्याने व्हायला हवी होती, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. त्याशिवाय जुना कागद रद्द होत नव्हता, बार पुन्हा केव्हाही लागू शकला असता. साहेबाने निरोप पाठवला की मिस्त्रींनी करावी, लिहायला कारकून येईल. मी निरोप्याला सांगितलं, कारकून नको. साहेबाने यावं. फाइल नाही आणायची, वही आणायची.

तो आला. सकाळी आठला, कोरी वही घेऊन, कठड्याशी उभा राहिला. बरोबर तिथेच, जिथे ती उभी राहायची. त्याला तिथून हटवावं असं क्षणभर वाटलं, पण लिहिणाऱ्याला उभं राहायला दुसरी जागा नाही, तिथूनच खालचं ऐकू येतं. मी पाळण्यात बसलो आणि खाली गेलो.

पहिला तासभर भरीवच होतं. मी म्हणायचो, भरीव, तो म्हणायचा, लिहिलं. माथ्याजवळ पोचलो. हातोडी मारली. बद्द आवाज आला. वर शांतता. तो वाट बघत होता. त्याला सगळं माहीत होतं, ते भोक त्यानेच बुजवून घेतलं होतं. तरी तो लिहीत नव्हता, मी बोलायची वाट बघत होता. तेवढं तो शिकला होता.

"पोकळ," मी ओरडलो. "आत पेटी आहे. लाकडाची. बांधतानाची आहे. त्याने कमानीला धोका नाही. सोडून द्यायचं. चौकोन काढा."

"काढला," तो म्हणाला.

"आता वाचा."

त्याने वाचलं, पण वाऱ्यात शब्द उडून गेले. अर्धेच खाली पोचले. मी दोर घट्ट धरला आणि मान वर केली. मला त्याच्या बुटांचे तळवे दिसत होते, काळे, नवे, चिखल न लागलेले.

"मोठ्याने वाचा," मी म्हणालो. "पूर्ण. इथे खाली ऐकू आलं पाहिजे."